तंबू उठतो, कुंपण उठत नाही

नाताळची सुट्टी लागली की मांडव्यापासून मुरुडपर्यंतचा रस्ता मुंबई-पुण्याच्या मोटारींनी भरून जातो. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला पोहोचविणारी रो-रो बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. पूर्वी पनवेल ओलांडून वडखळच्या नाक्यावर तिष्ठत बसणाऱ्या मुंबईकराला रायगडचा किनारा आता अंगणात आल्यासारखा वाटू लागला आहे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या गावांतील निवासाच्या खोल्या सुट्टीच्या कितीतरी आधी भरतात. वाळूवर घोडे धावतात, मोटारसायकली धावतात आणि रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक गर्जत राहतात.

या गर्दीत गेल्या काही वर्षांपासून एक वेगळा प्रवासी दिसू लागला आहे. त्याला हॉटेलातील खोली नको असते. दोन-तीन कुटुंबे, त्यांची मुले आणि एखादे आजोबा-आजी असा दहा-पंधरा जणांचा मेळा किनाऱ्यापासून थोडे आत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या जागेत उतरतो. तंबू ठोकले जातात, तीन दगडांची चूल मांडली जाते. दोन रात्री काढून ही मंडळी परततात. वीज नाही, दूरचित्रवाणी नाही, आयता नाश्ता नाही. तरीही मुले परत जायला नाखूश असतात.

ही रीत वाढावी असेच कोणालाही वाटेल. मात्र तिचे स्वागत करताना एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जिच्यावर हा तंबू उभा राहतो ती जमीन कोणाची, आणि ती खरोखरच 'रिकामी' आहे काय? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले तरच ही सहल किनाऱ्याच्या कामी येईल. अन्यथा किनाऱ्यावर पडणाऱ्या ओझ्यात आणखी एका ओझ्याची भर पडेल, इतकेच.

आवळीभोजन ते पोपटी

'कॅम्पिंग' हा शब्द परका आहे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले आणि त्यातून बालवीर चळवळ जगभर पसरली. तिचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु घराबाहेर, झाडाखाली, आभाळाच्या छताखाली एकत्र राहणे-जेवणे ही गोष्ट मराठी कुटुंबाला कोणा साहेबाकडून शिकावी लागलेली नाही. कार्तिकात आवळीभोजनाला सहकुटुंब आवळ्याच्या झाडाखाली जाण्याची प्रथा जुनी आहे. आषाढीला पंढरीकडे निघालेल्या दिंड्या रोज संध्याकाळी माळावर राहुट्या उभारतात आणि पहाटे त्या उतरवून पुढे चालू लागतात. शिबिरांत घडलेल्या कार्यकर्त्याला तर खुंटी किती तिरकी ठोकावी, तंबूभोवती चर का खणावा आणि निघण्यापूर्वी मैदान का झाडून काढावे, हे सांगण्याची गरजच नसते.

रायगड जिल्ह्याची या बाबतीतली स्वतःची देणगी म्हणजे पोपटी. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की या जिल्ह्यातील गावागावांत संध्याकाळी शेतात मंडळी जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरायचा. त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा यांचे थर द्यायचे. ज्यांना चालते ते अंडी वा कोंबडीही घालतात. मग मडक्याचे तोंड पुन्हा त्याच पाल्याने घट्ट बंद करायचे आणि भोवती पेंढा, पालापाचोळा व काटक्या रचून पेटवून द्यायचे. आत पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. आच विझत आली की जाणता माणूस तापलेल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारून आवाजावरून पाक झाला की नाही ते ओळखतो. तोपर्यंत शेकोटीभोवती गप्पा, गाणी आणि भुताच्या गोष्टी रंगलेल्या असतात. शहरातील जावई, मुंबईला नोकरी करणारा पुतण्या, शेजारचे कुटुंब असे सगळे त्यात असतात.

ही पोपटी वरवर साधी दिसते. पण ती कशावर उभी आहे हे पाहिले पाहिजे. भातकापणीनंतर शेतात जी ओल उरते, त्या ओलीवर वाल येतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. म्हणजे आधी भाताचे शेत हवे, त्याचे बांध शाबूत हवेत आणि कापणीनंतर ते मोकळे राहायला हवे. त्या शेतात एकदा मातीचा भराव पडला, की भातही गेले, वालही गेला आणि पोपटीही गेली. मग उपाहारगृहात बारमाही मिळणारी 'पोपटी' तेवढी शिल्लक राहते.

'अविकसित' कशाला म्हणायचे?

किनाऱ्यालगतच्या अशा जमिनीला जाहिरातींत 'अविकसित' म्हटले जाते. जणू ती जमीन आजवर झोपा काढीत होती आणि बांधकाम व्यावसायिकाचे पाऊल पडताच तिला जाग येणार आहे. शेतकऱ्याच्या पंचांगात मात्र त्या जमिनीला बारा महिने काम असते.

ज्येष्ठात पेरणी होते, आषाढात चिखलणी आणि लावणी, आश्विन-कार्तिकात कापणी. त्यानंतर कोठे वाल, कोठे पांढरा कांदा. अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो कांदाही भात निघाल्यानंतरच्या त्याच शेतांत होतो. माघापासून वरकस जमिनीवर राबाची तयारी सुरू होते. पालापाचोळा, शेण, झाडांच्या डहाळ्या रचून ती जागा भाजतात आणि पावसाळ्यात तेथेच भाताचे रोप तयार करतात. गवताळ कुरणावर गुरे चरतात. कोळीवाड्यालगतच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील आणि खाली जाळ्यांवर सुकट वाळत असते. खाडीच्या काठी खारभूमीचे बांध समुद्राचे पाणी भातशेतीबाहेर थोपवून धरतात. त्या बांधावरून मोटार नेली तर उधाणाला वाट मिळते. कातकरी कुटुंबे याच माळांवरून सरपण आणि कंदमुळे आणतात, याच खाड्यांतून चिंबोऱ्या पकडतात. शहरी डोळ्यांना जी जागा मोकळी दिसते, ती कोणाचे अंगण, कोणाची कणगी आणि कोणाचे चराऊ रान असते.

या जिल्ह्याने जमिनीसाठी मोठी किंमत मोजली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह करणाऱ्या गावकऱ्यांवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. आपल्या रानावरचा आपला हक्क सांगताना साध्या शेतकऱ्यांनी तेथे प्राण दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. खोताला जाणारे खंडाचे भात पिकवायचेच नाही, असे ठरवून चरी आणि परिसरातील गावांनी १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, जमीन पडीक ठेवली. त्या काळात माणसे सरपण विकून आणि मिळेल ती मजुरी करून जगली. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे या लढ्याचे बळ होते. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागली. ज्या मातीसाठी माणसे सहा वर्षे उपाशी राहिली, तिला 'अविकसित' म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणाला आहे?

गावाच्या सामाईक जमिनीची कथाही वेगळी नाही. गुरचरण, गायरान, पाणवठा या गावाच्या सामाईक मालकीच्या जागा. त्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना दिले. न्यायालयाला असे सांगावे लागले, यावरूनच देशभर या जमिनींचे काय झाले असेल याची कल्पना येते.

किहीमच्या दोन गोष्टी

अलिबागच्या उत्तरेस किहीम हे गाव आहे. मोकळ्या जमिनीचे शहरी माणसाने काय करावे आणि काय करू नये, याचे दोन्ही धडे या एकाच गावात मिळतात.

पहिली गोष्ट १९३० ची. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली त्या वेळी नोकरीविना होते आणि मुंबईत राहणे परवडत नसल्याने किहीमच्या कौटुंबिक घरात येऊन राहिले होते. परिसरातील झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. अली यांनी पावसाळ्याचे महिने त्यांचे निरीक्षण करण्यात घालविले. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी विणतो, मादी त्यांतले पसंत पडेल ते निवडून अंडी घालते आणि मग नर पुढच्या घरट्याला लागतो, हा त्या पक्ष्याचा जीवनक्रम त्यांनी येथे उलगडला. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने पुढच्या कारकिर्दीचा पाया घातला. किहीमच्या झाडाझुडपांनी त्यांच्याकडून काही मागितले नाही आणि त्यांनीही त्यांचे काही हिरावून घेतले नाही. त्यांनी फक्त पाहिले.

दुसरी गोष्ट ८ मार्च २०१९ ची. बँकांना हजारो कोटींना गंडविल्याचा आरोप असलेला आणि देशाबाहेर पळालेला हिरेव्यापारी नीरव मोदी याचा किहीमच्या किनाऱ्यावरील बेकायदा बंगला त्या दिवशी सुरुंग लावून पाडण्यात आला. यंत्रांनी तो पाडणे जड जात होते, इतके त्याचे बांधकाम भक्कम होते. एका कुटुंबाच्या चार दिवसांच्या विश्रांतीसाठी किनाऱ्यावर जे काँक्रीट ओतले गेले, ते काढण्यासाठी शासनाला स्फोटके वापरावी लागली.

तो बंगला कुप्रसिद्ध झाला म्हणून पडला. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवीन बांधकामास मनाई केली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करण्याची तरतूद केली. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेता येऊ नये, यासाठी कूळकायद्यात कलम ६३ आहे. कायदे असे असतानाही मांडवा ते रेवदंडा या पट्ट्यातून प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या कडेने दगडी भिंती, लोखंडी फाटके आणि 'खासगी मालमत्ता' असे फलक लागोपाठ दिसत जातात. त्यांतील पुष्कळ बांधकामे कायद्यात बसणारीही असतील. पण एक परिणाम सर्वांचा सारखाच होतो. ज्या पायवाटेने गुरे चरायला जात, गावातील बाया सरपणाला जात आणि मुले समुद्रावर पोहायला जात, ती पायवाट बंद होते. आणि वर्षातले जवळजवळ अकरा महिने त्या भिंतीच्या आत कोणीही राहत नसते.

दोन दिवसांच्या तंबूचे महत्त्व येथे आहे. सुट्टीसाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही, हे तो सिद्ध करतो. तंबू तिसऱ्या दिवशी उठतो आणि जमीन पुन्हा शेतकऱ्याच्या हाती येते. कुंपण एकदा पडले की उठत नाही.

शेतकऱ्याच्या हिशेबात

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शहरातील माणसाला वर्षातून दोन दिवस काळोख, चांदणे आणि भाताचा वास हवा, म्हणून कोकणातील शेतकऱ्याने आपली जमीन न विकता गरिबीतच राहावे काय? भाताची शेती परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, मुले मुंबईला गेली आहेत. अशा वेळी गुंठ्याला चांगला भाव मिळत असेल तर त्याने का विकू नये?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा या प्रश्नाची धार अधिकच वाढली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या ज्या बागा आजोबांनी लावल्या, त्या नातवाच्या डोळ्यांदेखत गेल्या. नारळ-पोफळीचे नवे रोप उत्पन्न देऊ लागेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेवढी वर्षे घर कशावर चालवायचे? अशा वेळी जमिनीचा दलाल दारात येऊन बसला तर त्याला परत पाठविणे सोपे नसते.

म्हणूनच शहरातून येणाऱ्या कुटुंबाने जागा फुकट मागू नये. 'नुसता तंबूच तर ठोकायचा आहे, त्याचे कसले पैसे?' हा विचार अशोभनीय आहे. हॉटेलात एका रात्रीचे जितके भाडे निमूटपणे दिले जाते, त्याचा योग्य भाग शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे. तांदूळ, भाजी, नारळ, मासळी, सरपण गावातूनच विकत घ्यावे. एक वेळचे जेवण गावातील बचत गटाकडे सांगावे. गावातील एखाद्या तरुणाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे आणि त्याची दिवसाची मजुरी चुकवावी. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेती चालू ठेवून पाहुण्यांची सोय करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला त्यानुसार नोंदणी करता येते. शेती सोडून पर्यटन करणे आणि शेतीसाठी पर्यटन करणे यांत फरक आहे. या धोरणाचा लाभ दुसऱ्या प्रकारच्या शेतकऱ्याला झाला पाहिजे.

हे होऊ शकते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. हरिहरेश्वरहून बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे समुद्री कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जातानाचा सोहळा पाहण्यासाठी लोक येऊ लागले. गावाने त्यांच्यासाठी मोठे हॉटेल बांधले नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरातील स्त्रिया स्वयंपाक करतात आणि पैसा थेट घरात येतो. जी अंडी पूर्वी विकली वा खाल्ली जात, ती आता गावच राखते.

तंबूचे भाडे जमिनीच्या भावाशी बरोबरी करू शकणार नाही, हे उघड आहे. पण विकलेल्या जमिनीचा पैसा एकदाच येतो. घराची दुरुस्ती, एखादे लग्न आणि मुलाची मोटारसायकल एवढ्यात तो संपतो, आणि मग कालचा मालक आपल्याच जमिनीवर माळी नाहीतर रखवालदार म्हणून उभा राहतो. किनाऱ्यावरील गावांना हे चित्र नवे नाही. दर हिवाळ्यात येणारे थोडे उत्पन्न, वालाच्या आणि कांद्याच्या पिकाला दारातच मिळालेले गिऱ्हाईक आणि जमिनीवर राहिलेले नाव यांची बेरीज शेतकऱ्यापुढे मांडता आली, तर दलालाला नाही म्हणण्याचे बळ त्याला मिळेल.

पाहुण्याचा धर्म

नॉर्वेमध्ये १९५७ च्या कायद्याने नागरिकांना बिनलागवडीच्या मोकळ्या जमिनीवर, कोणत्याही घरापासून किमान १५० मीटर दूर, दोन रात्रींपर्यंत मालकाच्या परवानगीविना तंबू ठोकण्याची मुभा दिली आहे. ही मुभा तेथे टिकून आहे, कारण जागा जशी मिळाली तशीच परत करण्याची सवय लोकांच्या अंगी मुरली आहे. रायगडमध्ये असा हक्क कोणालाही नाही, आणि येथील दाट वस्ती व लहान लहान शेते पाहता तो असूही नये. येथे परवानगी हीच पहिली पायरी. शेतजमीन असेल तर सात-बारावर ज्याचे नाव आहे त्याची आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याचीही परवानगी हवी. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीची. वनजमीन असेल तर वन विभागाची. मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात हवे तेथे तंबू ठोकता येत नाही. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान असलेल्या या जंगलाला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरूचे ते घर आहे, आणि तेथील मुक्काम वन विभागाच्या नियमांनीच करायचा असतो.

दुसरी पायरी, गावाला कळविणे. पोलीस पाटलांना किती माणसे, कोठून आणि किती दिवसांसाठी आली हे सांगून ठेवावे. ही केवळ औपचारिकता नव्हे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविली गेली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराध माणसे मारली गेली. सुनसान किनाऱ्यावर कोण उतरते आहे याची गावाला खबर असणे किती मोलाचे आहे, हे देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. सज्जन पाहुणा स्वतःहून आपली ओळख देतो.

तिसरी पायरी, समुद्राचा मान राखणे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र शांत दिसत होता, एवढेच त्यांना ठाऊक होते. किनाऱ्यावरील जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, त्या दिवशी पाणी अधिक चढते आणि उतरताना अधिक ओढते. हा ठोकताळा मुलांना शिकवावा. पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र गावातील कोळी बांधवाला विचारूनच उतरावे. तंबू भरतीरेषेच्या बराच आत असावा. दिवेआगर, हरिहरेश्वर आणि मारळच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात. किनाऱ्यावरील प्रखर दिव्यांमुळे पिल्ले समुद्राची दिशा चुकतात, म्हणून वाळूकडे तोंड करून दिवे लावू नयेत आणि तेथे शेकोटीही पेटवू नये.

चौथी पायरी शेतातली. बांधावर रचून ठेवलेला पालापाचोळा आणि डहाळ्यांचा ढीग दिसला की शहरी माणसाला ते शेकोटीचे आयते सरपण वाटते. तो शेतकऱ्याच्या पुढच्या वर्षीच्या रोपाचा राब असतो. पेंढ्याची उडवी ही बसण्याची गादी नसते. तो गुरांचा चारा असतो. विहिरीवर साबण लावून आंघोळ करू नये. पाणी काढून लांब न्यावे आणि तेही जपून वापरावे, कारण किनाऱ्यावरील कित्येक गावांत फाल्गुनानंतर विहिरीचे पाणी कमी होते वा मचूळ होते. चूल लहान असावी, वाऱ्याचा जोर असेल तर पेटवूच नये आणि निघण्यापूर्वी राखेवर पाणी ओतून हात लावून पाहावा. एका ठिणगीने अख्खा डोंगर वणव्यात जातो. मद्याच्या बाटल्या आणि ध्वनिक्षेपक घेऊन येणाऱ्याने शहरातच राहिलेले बरे. कचरा गावाच्या उकिरड्यावर टाकून 'साफसफाई केली' असे समाधान मानू नये. जो कचरा शहरातून आणला, तो शहरातच परत न्यावा.

इतके सांभाळले तर मुलांना जे मिळते ते कोणत्याही शिकवणी वर्गात मिळणार नाही. पौषातल्या रात्री दिवे मालवले की डोक्यावर मृग, रोहिणी, कृत्तिका आणि खाली तळपणारा व्याध दिसतो. आजोबा बोट धरून एकेक नक्षत्र दाखवितात. पहाटे शेतकऱ्याबरोबर वालाच्या शेंगा तोडताना भाजी पिशवीत कशी येते ते कळते. काम वाटून घ्यावे लागते, ताट आपले आपण घासावे लागते, धाकट्याला अंधाराची भीती वाटली तर मोठ्याने जवळ बसावे लागते. शेजारच्या कुटुंबाशी वर्षभर जिन्यात होणारी ओळख येथे दोन रात्रींत घरोबा होते. ज्या शेतकऱ्याच्या जागेत उतरलो त्याच्या मुलाशी शहरातील मुलाची मैत्री जुळली, तर त्या सहलीचे सार्थक झाले असे समजावे. पुढच्या वर्षी तो मुलगा मुंबईला शिकायला आला तर त्याला उतरायला एक घर असावे. पाहुणचार असा दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे.

यंदाच्या सुट्टीचा बेत आखताना घरातील कर्त्या माणसांनी याचा विचार करावा. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ योग्य. पावसाळ्यात आणि लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला पाहुणा परवडत नाही. एकाच गावाशी नाते जोडावे, दर वर्षी नवे ठिकाण शोधत फिरू नये. त्या गावात कोणाची जमीन विकली जाते आहे, कोणाची पायवाट बंद झाली आहे, खारभूमीचा बांध कोठे फुटला आहे, याची आस्थेने चौकशी करावी. शिक्षक, वकील, अभियंता, डॉक्टर असे कोणी ना कोणी प्रत्येक गटात असतेच. त्यांच्या दोन तासांच्या सल्ल्याने गावाची मोठी अडचण दूर होऊ शकते. आणि निरोप घेताना शेतकऱ्याच्या बायकोने 'पुढच्या वर्षी वाल भरला की कळवते, या' असे म्हटले, तर आपण त्या जमिनीवर नीट वागलो एवढी खात्री मनाशी बाळगायला हरकत नाही.